अळूच्या पानांची निर्दोष मुक्तता

डेबे, मंगळवार

तीर्थस्वरूप सुकदेई वहिनींच्या चरणी धाकटा दीर बासदेव पंडित याचा साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? दादांचा रेडिओ अजून घरात सर्वांत मोठ्यानं बोलतो ना? (कुशल विचारून झालं; आता मूळ व्याधीकडे वळतो.)

गेल्या महिन्यात तुमच्या घरच्या कथेला, तोंडाची आग आग होत असताना, साठ माणसांदेखत मी निवाडा दिला की अळूच्या पानांचा तळलेला साहिना खाजरा आहे, पानांना चिंच कमी पडली. तुम्ही एवढंच म्हणालात, "पाच खाल्ल्यावर कळलं होय, पंडितजी?" आणि झारा खाली ठेवलात. दुसऱ्या दिवशी निरोप आला, की माझ्या लेकीच्या, आश्तीच्या लग्नाच्या चुलीकडे तुम्ही फिरकणार नाही.

आग मात्र शमेना. हिरड्या जास्वंदीसारख्या लाल. दुलारीनं लवंगेचं तेल चोळलं, तेव्हा (उघड्या जखमेवर, वहिनी!) मला सात पिढ्यांचे पितर नावानिशी आठवले. मग शेजारच्या बॉयसीनं रमचा बोळा दिला. "गिळू नको रे पंडित, नुसता दाबून धर!" मी धरला, आणि तसाच रामलोचनच्या नव्या गाडीची पूजा करायला गेलो. त्याची म्हातारी आई जरा हुंगून म्हणाली, "आज मंत्र लवकर आटपणार."

शेवटी दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. ती निश्ता, माझ्याच हिंदीच्या वर्गातली. तोंडात बॅटरी मारून म्हणाली, "गुरुजी, ही नवी कवळी रात्री काढता ना?" मी घाईनं तोंड मिटलं. (बोळक्या तोंडाचा नवरा दुलारीला दिसू नये, म्हणून चाळीस दिवस ती अहोरात्र तोंडातच होती.) "देवाला निजवताना मुकुट उतरवता, मग हिरड्यांनी काय पाप केलंय?"

तिनं कवळीची टोचणारी कड घासून दिली. रात्री कवळी पाण्यात ठेवायची, मऊ ब्रशनं धुवायची, कोमट मिठाच्या पाण्यानं चुळा भरायच्या. तिखट, तेल, रम वर्ज्य. आठवड्यात तोंड निवलं. तात्पर्य, अळू निर्दोष. अपराधी मीच.

तुमचा नम्र,
बासदेव

ता. क. लग्न रविवारी आहे. पाहुणे तीनशे. तुमच्याविना चूल पेटवायला कुणी धजत नाही, आणि आश्ती म्हणते, मोठी आई नाही तर लग्न नाही. या.

ता. क. २. पत्र घेऊन येणाऱ्या दुलारीजवळ चिंचेची पिशवी दिली आहे. ती भेट आहे, सूचना नव्हे.