डोहातले खडस

रविवार, २३ एप्रिल २०२३

सगळे मासे मेले! सकाळी मी गळ घेऊन डोहावर गेले तर पाण्यावर नुसती पांढरी पोटं. खडस, शिंगटी, बोटाएवढी पिल्लंसुद्धा. वास टीसीएल पावडरचा — गावच्या पाण्याच्या टाकीत टाकतात तीच. नाकाला झोंबत होता. नीरा नदीला सध्या धार नाही, एवढा एक डोह उरलाय. त्यात कुणी ओतली?

अण्णा असते तर रडले असते. सोपान नदीवाला म्हणायचे लोक माझ्या वडलांना. मला रडूच आलं नाही, एवढा राग.

मंगळवार, २५ एप्रिल

शेजारचा सोनबा म्हणाला, "त्या पहाटे गोरखकाका डोहाकडनं येत हुते. घाईघाईनं."

गोरखकाका! अण्णांचे जोडीदार. अण्णांच्या मागं मला गळ टाकून तासन्‌तास गप्प बसायला त्यांनीच शिकवलं. रविवारपासून डोहावर फिरकले नाहीत. का?

सोमवार, १ मे

ग्रामसभेत उभी राहिले. सगळ्यांदेखत म्हणाले, "काका, पावडर तुम्हीच टाकलीत."

काकांनी माझ्याकडं पाहिलं. मग चपला घातल्या आणि निघून गेले. कबूल केल्यासारखंच! "अंगणवाडीच्या छायाबाई लई धीराच्या," मागून कुणीतरी म्हणालं.

बरं वाटलं. खरं तेच लिहिते — बरं वाटलं.

गुरुवार, ४ मे

काकांशी कुणी बोलत नाही म्हणे. ते टपरीवर गेले तर बाकडं रिकामं झालं.

शनिवार, ६ मे

पलंगाखाली प्रेमची पँट सापडली, कोंबून ठेवलेली. गुडघ्याखाली रंग उडालेला. पाण्याच्या टाकीवर काम करतो, उडणारच. पण खिशात खवले! अंगठ्याच्या नखापेक्षा मोठे. खडसाचे.

माझा सख्खा भाऊ.

आधी नाहीच म्हणाला. मग कबूल झाला. "ताई, चार मासे पायजे हुते. दोस्तांची पार्टी हुती. समदा डोह मरंल असं वाटलं न्हाई गं."

रविवार, ७ मे

आई म्हणते, "पोराची नोकरी जाईल. गोरखभावजी गप हाईत न्हवं? मग तूबी गप ऱ्हा."



सोमवार, ८ मे

सरपंचांकडं अर्ज दिला. त्यात प्रेमचं नाव लिहिलं. खाली सही माझी. तो किकवीला मित्राकडं निघून गेला. आईनं चूल पेटवली नाही.

मंगळवार, ९ मे

काकांच्या पाया पडले. सगळं सांगितलं.

"ठाऊक हाय," म्हणाले. "त्या पहाटे म्या बघितलं त्याला. सोपानचं पोरगं... जीभच उचलंना."

"मग मी तुमचं नाव घेतलं तेव्हा तरी बोलायचं!"

"मला वाटलं, तुला समदं ठाऊक हाय. भावाला वाचवाया माझं नाव घेतलंस. म्हणून गप ऱ्हायलो."