येळवस उरकल्यावर आलेल्यांसाठी

अहो,

अव्वाला घेऊन देवणीला वन्संकडे चाललेय. भाकरी टोपल्यात आहेत, भज्जी संपली. गाडीतली राजस्थानची वाळू अंगणात झाडू नका.

येळवशीच्या अवसेला शेतात कडब्याच्या कोपीपुढं पंगत बसली होती आणि ग्रुपवर तुमचे फोटो येतायत. कुरकुंचे, कुरकुंचे, परत कुरकुंचे! पाव्हण्यांनी विचारलं, मालक कुठंत? म्हटलं, वाळवंटात पाखरं बघायला गेलेत. लई हसले. ती पाखरं म्हणे हिमालय ओलांडून दर हिवाळ्याला ठरल्या जागी येतात. तुम्हाला बुडाखाली गाडी असून स्वतःच्या शेतात येता आलं नाही.

अप्पा गेल्यावरची पहिली येळवस. आंबिलीचं मडकं डोक्यावर घेऊन थोरल्या लेकानं शेतभर शिंपायचं असतं, हे काय मी सांगावं? अव्वा म्हणाली, त्याला बघवलं नसतं, म्हणून गेला असंल. तिला लेकाचं सगळंच गोड. बघवत कुणाला होतं? शेवटी मडकं मी घेतलं आणि सगळं शेत शिंपून आले. तुमच्यावाचून काही अडलं नाही.

फक्त अप्पांच्या समाधीपाशी कुणाला शिंपू दिलं नाही. मीही शिंपलं नाही. तेवढी आंबील मडक्यात ठेवलीय, चुलीमागं झाकून. एव्हाना लई आंबली असेल, तशीच घेऊन जा.

जाताना दुर्बीण घरी ठेवा. बांधावरून समाधी नुसत्या डोळ्यांनी दिसते.

महानंदा