खळ्यावरची हळद

प्रिय अस्मिता,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे लिहून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतेय. रागावली असशील तर तुझा राग रास्त आहे. तुझा संसार असा उघड्यावर पडला आणि सख्खी बहीण येऊ शकली नाही. सासूबाई चार दिवस लेकाकडे म्हणून आल्या आणि त्यांचं डावं अंग गेलं. डॉक्टर त्यांना विमानात बसवू देत नाहीत, शैलेंद्रची बंदरावर शिफ्ट, आणि मी त्यांना सोडून अंघोळसुद्धा घाईने उरकते. तुला हे सगळं ठाऊक आहे. तरी पुन्हा सांगते, कारण दुसरं काही माझ्या हातात नाही.

इथे आखातात, खोर फक्कानच्या बाहेर, डोंगराच्या पायथ्याशी आमचं घर. भोवती खजूर आणि शेळ्या, रंगांचं दुकान नावालाही नाही. म्हणून मी रंग घरीच करते, तर तू मला चेटकीण म्हणायचीस. कोरड्या ओढ्यातला तांबडा दगड कुटायचा, वस्त्रगाळ करायचा आणि डिंकाच्या पाण्यात घोटायचा. घोटायचं काम सासूबाई उजव्या हाताने करतात. वाचा गेली, पण रंग मनासारखा नसला तर वाटी ढकलून देतात. खडूसपणा शाबूत आहे!

तुझा सिद्धांत गेल्याचं कळलं. मग चित्र करायला घेतलं, हळद वाळत घातलेलं तुमचं खळं. फळीवर चुन्याचा हात दिला. बाग सांभाळणारे रत्नागिरीचे शौकतभाई खजुराच्या बुंध्यांना लावतात, तोच चुना. त्यावर कणकेच्या खळीने माझी जुनी सुती साडी चिकटवली, कुंपणाला खजुराची जाळी लावली आणि खळ्याला हळद. सिद्धांतचीच. "ताई, विकतची खाऊ नका," म्हणत त्याने माझ्या बॅगेत कोंबलेली. इतकी पिवळीधमक उतरली की मी रडले. शैलेंद्रचा मित्र कुशल मुंबईला निघाला होता, त्याच्याबरोबर चित्र लगेच पाठवलं. शौकतभाई म्हणाले, "इन्शाल्ला, बहिणीला बरं वाटेल."

आज सकाळी व्हरांड्यात रंगाचा नमुना पाहिला. तशीच फळी, तोच चुना, तीच साडी. दमट हवेने खालचा चुना वर झिरपला आणि हळद लाल झालीय. हळदीला चुना लागला की कुंकू होतं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मलाच कसं सुचू नये? कुशलने चित्र कालच सांगलीच्या कुरिअरला दिलंय आणि आता ते थांबवता येणार नाही म्हणतात. खळंभर कुंकू सांडलेलं ते तुझ्या दारात येईल, आणि तुझ्या घरात तर अजून माणसांची ये-जा. नवरा गेला आणि बहिणीने कुंकू धाडलं, म्हणतील.

पार्सल उघडू नकोस, एवढंच सांगायला बसले होते. पण ते त्याच्याच हळदीचं कुंकू आहे गं. टाकून दे म्हणायला माझी जीभ रेटत नाही, आणि जवळ ठेव म्हणायला मी तिथे नाही. बाराव्याच्या व्हिडिओत तुझं कपाळ मोकळं दिसलं, तेव्हापासून एक विचारायचं आहे. फोनवर धीर झाला नसता. कुंकू तू स्वतः पुसलंस की कुणी पुसायला लावलं, एवढं तरी मला कळव.

तुझीच,
अनुताई