तळणाचं तेल

माय, तू कधी कुणावर रागावली नाहीस, म्हणून तुझ्या वाटणीचंही मीच रागावते आहे. आज परभणीत पोटाच्या तक्रारीसाठी गेले होते. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तुमच्या आईला काय झालं होतं? मी म्हणाले, आतड्याचा कॅन्सर. आपल्या घरात हा शब्द कुणी तोंडातून काढला नव्हता. तू गेलीस तेव्हा भेटायला येणाऱ्याला सांगितलं ते एवढंच, की बाईला तेल बाधलं. तेल बाधलं म्हणे! अजूनही आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

असं किती तेल खात होतीस तू? सगळ्यांची जेवणं उरकली की चुलीपाशी बसायचीस, कारळाच्या चटणीत बोटानं खळगा करायचीस, त्यात बोरी गावच्या घाण्यावरचं करडीचं तेल चमचाभर ओतायचीस आणि ज्वारीची भाकरी लावून खायचीस. दिवसभरात तुझी चैन तेवढीच. मग रक्त पडायला लागलं. तू बोलली नाहीस, पहाटे उठून लुगडी धुवायचीस. मी विचारलं तर म्हणालीस, "पोट बिघडलंय जरा. लय काही न्हाई." शेवटी तुझ्या धन्यानं, आबांनी, गावातल्या डॉक्टरकडे नेलं. त्यानं पोटाला हातसुद्धा लावला नाही. मूळव्याध आहे म्हणाला, गोळ्या दिल्या, तेल-तिखट बंद करायला सांगितलं. आबांनी घरी येताच तेलाची बरणी फडताळात वर ठेवली. तिथवर तुझा हात पोचत नव्हता आणि हे सगळ्यांना माहीत होतं.

त्याच वर्षीच्या दिवाळीतली गोष्ट. तू कढईपुढे बसली आहेस, चेहरा पांढराफटक, आमच्यासाठी शंकरपाळे तळते आहेस. सगळं झाल्यावर कढईतलं काळं पडलेलं तेल गाळून ठेवतेस. पथ्याची म्हणून तुझी भाजी वेगळी शिजते, आणि तिला पुढे कितीतरी दिवस तेच तेल. आमच्या भाजीला ताजं. मी आबांना विचारलं, हिला तेल बंद आहे ना? तर म्हणाले, "तळणाचं हाय ते. त्याला कोण तेल म्हणतंय? फेकून द्यायचं का मग?" आणि तू मान डोलावलीस. तुझ्या त्या मान डोलावण्याचा मला आबांच्या बोलण्यापेक्षा जास्त राग आहे.

औरंगाबादला मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरलं, तेव्हा विद्यापीठाच्या नामांतराच्या गडबडीत एसट्या बंद होत्या. गाड्या पुन्हा सुरू झाल्या, आबांची सबब काही संपली नाही. नेलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी हात टेकले.

मी आज तेलाचंही विचारलं. बाई म्हणाल्या, पुन्हापुन्हा तापवलेलं तेल आतड्याला चांगलं नाही, सूज असली तर वाढू शकते; पण एकट्या तेलावर बोट ठेवता येत नाही, आणि चमचाभर ताज्या तेलावर तर नाहीच. वेळेवर दुर्बिणीनं आत पाहिलं असतं तर कदाचित सापडलं असतं. म्हणजे तुझ्या ताटातून काढून घेतलं ते बिचारं साधं होतं, आणि जे वाढत राहिलो त्याला आम्ही तेलच म्हणत नव्हतो. वर मेल्यावर दोष तुझ्या जिभेला! असा अन्याय कुणी गुराढोरांवरही करू नये.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, ते माझ्यापाशीच राहील. आणखी एक सांगायचं राहिलं. दोन महिन्यांपासून मलाही रक्त पडतंय. बाईंनी दुर्बिणीच्या तपासणीची तारीख विचारली, तर मी घरी विचारून सांगते म्हणाले आणि उठून आले. माय, ज्याला विचारावं असं माझ्या घरी आता कुणीच नाही.