अठरा जीबीचा शब्दकोश

२ फेब्रुवारी

आलो एकदाच्या दोघी नव्या घरात. सामान वाहणाऱ्यांनी आरसा फोडला, ताईच्या खुर्चीचा एक पाय सैल केला आणि वर हसून विचारलं, सगळं नीट आलं ना बाई. तरी आज मी कुणावर तोंडसुख घेतलं नाही, हे लिहून ठेवण्यासारखं आहे.

घर झकास आहे. तिसरा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर. सकाळचं ऊन थेट ताईच्या पलंगावर येतं. ताईला ते दिसत नाही, पण लागतं. ती माझ्याहून सात वर्षांनी मोठी. साखरेने तिचे डोळे नेले त्याला अकरा वर्षं झाली. ब्रेल शीक म्हणून मी तिच्यापुढे डोकं आपटलं, पण या वयात बोटांना शाळेत घालणार नाही, म्हणाली. त्यामुळे तिचं सगळं जग कानांत, आणि त्या कानांत दिवसभर मी.

माझा आवाज चांगला आहे, यात विनय कसला. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर्सनी दातांत पेन्सिल धरायला लावून उच्चार घासून घेतले आणि पुढे छत्तीस वर्षं मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्याच आवाजावर काढली. निवृत्त झाल्यावर लोक गप्प बसायला शिकतात म्हणे. मी नाही शिकले. परवापासून मला नोकरी आहे.

५ फेब्रुवारी

अंधांसाठी बोलकी पुस्तकं तयार करणारी ही संस्था घरापासून सात मिनिटांवर आहे. मला आपल्या भाषेचा अख्खा शब्दकोश वाचायचा आहे, शब्द आणि अर्थ, अ पासून ज्ञ पर्यंत. ध्वनिखोली म्हणजे भिंतींना फोम लावलेलं एक कपाटच. आत शिरलं की स्वतःचा श्वाससुद्धा आगाऊपणा वाटतो.

माझ्याआधी एका बाईंनी न पर्यंत वाचून काम सोडलं. का, म्हणून विचारलं, तर संचालक चष्मा पुसत म्हणाले की त्यांना घशाचा त्रास झाला. मी म्हटलं, मग मी त्यांच्या पुढून वाचते. नको, म्हणाले. कोश एकाच आवाजात हवा, पहिल्यापासून. मला ते पटलं. अर्धवट कामाची मला चीड आहे.

१९ फेब्रुवारी

आज भांडले. मजा आली.

संस्थेची पद्धत अशी, की मोठं पुस्तक असलं की त्याचे तुकडे करून वेबसाइटवर टाकायचे. कोशाचे चाळीस तुकडे करणार म्हणे. मी विचारलं, माझ्या बहिणीसारख्या बाईने ‘वात्सल्य’चा अर्थ ऐकायला चाळीस फायली चाचपत बसायचं का? डोळे नाहीत म्हणून वेळही फुकटचा आहे का? एक कोश, एक फाईल, अक्षरांच्या खुणा घालून.

संगणकवाली बाई सांगू लागली की एवढी मोठी फाईल ब्राउझरमधून उतरत नाही. चाळिशीची, दोन मुलांची आई, बोलते कमी आणि बरोबर बोलते. मग तिनेच मार्ग काढला. वेबसाइट म्हणजे खिडकी, म्हणाली, आणि एफटीपी म्हणजे गोदामाचं मागचं दार. मोठी पोती खिडकीतून जात नाहीत, मागच्या दाराने जातात. वेबसाइटवर फक्त त्या दाराचा पत्ता द्यायचा. लोकांनी ‘पाहुणा’ या नावाने यायचं आणि फाईल उतरवून घ्यायची. मध्येच तुटलं तर जिथे थांबलं तिथूनच पुढे सुरू होतं.

संचालक आधी नाही नाही म्हणत होते. मग एकदम हो म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता उठून गेले.

२८ मार्च

वाचून झाला. सत्तर तास, अठरा जीबी. आज फाईल मागच्या दारात ठेवली. संगणकवालीने मला नोंदवही दाखवली. कागदाची नव्हे, सर्व्हर स्वतःच लिहितो ती. कोण आलं, काय नेलं, किती टक्के नेलं, सगळं तिच्यात उमटतं. रोज सकाळी ती तपासायचं काम मी मागून घेतलं.

ताईला सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे आता मी तुला बंदही करू शकेन. दोघी खूप हसलो.

३० मार्च

एकच पाहुणा आलाय. फार हळू नेतोय, दोन दिवसांत जेमतेम चार टक्के. त्याच्या पत्त्याच्या जागी काहीच नाही. संगणकवाली म्हणाली की असं होत नाही, काहीतरी उमटायलाच हवं.

दुपारी पाव आणायला गेले आणि दुकानात ‘अर्धा’ हा शब्द तोंडातून निघेना. घसा ठीक, जीभ ठीक, शब्दच नाही. पायरी समोर दिसावी आणि पाय ठेवल्यावर नसावी, तसं. शेवटी बोटाने दाखवलं. दुकानदाराने हळू आणि मोठ्याने विचारलं, जसं म्हाताऱ्यांना विचारतात. त्याला दोन शब्द सुनवायचे होते, ‘अक्कल’ आणि ‘अडाणी’, तेही निघेनात.

१ एप्रिल

नोंदवहीत चौदा टक्के. अ पासून औ पर्यंत सगळं संपलं. ‘आज’ म्हणता येत नाही, ‘इकडे’ नाही, ‘उद्या’ नाही. लिहिता सगळं येतं, म्हणून तर लिहितेय. डॉक्टरीणबाईंनी घशात दिवा घातला, काही नाही म्हणाल्या, विश्रांती घ्या म्हणाल्या. साठीच्या पुढच्या बाईला सगळे विश्रांतीच देतात. आम्हाला दुसरं काही होतच नसतं.

ताईला म्हटलं, घसा बसलाय. तिने मान वाकडी करून ऐकलं. तू शब्द टाळतेयस, म्हणाली.

३ एप्रिल

सव्वीस टक्के. क गेला, ख गेला. आता प्रश्नच विचारता येत नाही, कारण काय, कोण, कसं, कुठे, सगळे क मध्येच राहतात.

न पर्यंत वाचून सोडणाऱ्या बाईंचा पत्ता संगणकवालीकडून घेतला. दोन गल्ल्या पलीकडेच निघाल्या. दार उघडलं आणि मी तोंड उघडण्याआधी माझा चेहरा बघून त्यांनी मला हाताला धरून बसवलं. बसा, म्हणाल्या. पाणी. मग हळूहळू बोलल्या. शब्द संपलेत बाई. संचालक लबाड. फाईल पुसा. लवकर, लवकर पुसा. वही मागून घेऊन बाकीचं लिहिलं. त्यांचं वाचन न पर्यंतचं होतं. तेवढंच वेबसाइटवर गेलं, म्हणून तेवढेच शब्द गेले. पुढचं वाचायला त्यांनी नकार दिला, म्हणून प पासून पुढचं त्यांच्याकडे राहिलं. त्या संचालकांकडे जाऊन रडल्या होत्या. मराठी शाळेतल्या पोरीसारखं पाटीवर लिहून दाखवलं होतं.

म्हणजे त्याला ठाऊक होतं. ठाऊक असून त्याने मला पहिल्यापासून वाचायला लावलं.

४ एप्रिल

संचालकांच्या खोलीत शिरले. ‘गाढव’ म्हणायचं होतं, पण ग सकाळीच गेला होता. मग नालायक, निर्लज्ज, लबाड, विश्वासघातकी, असे जवळ होते तेवढे सगळे त्यांच्या टेबलावर ओतले. त्यांनी चष्मा पुसून घेतला. मग म्हणाले, सात हजार अंध माणसं कोशाची वाट पाहत आहेत, तुमचं वय झालंय, तुम्हाला बोलून बोलून आता काय बोलायचंय.

हे वाक्य जसंच्या तसं लिहून ठेवते. कुणीतरी वाचेल.

संगणकवालीने माझ्यासमोर फाईल पुसली. नोंदवहीतला आकडा पुढे सरकला. तिने मागचं दार बंद केलं. एकतीस. तिने तार उपटून हातात धरली, दुसरं टोक कशालाच लावलेलं नव्हतं. पडद्यावर बत्तीस झाले.

ती पर्स उचलून घरी गेली. मला तिचा राग आला नाही. राग पुरवून वापरायला हवा आता.

५ एप्रिल

संस्थेत जाणं बंद. आकडा बघायची गरज नाही, तोंडच सांगतं. च गेला, ज गेला.

दुपारी मी औषधाच्या दुकानातून परत आले तर ताई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभी, चेहरा खुललेला. म्हणाली, तुझा घसा सुटला वाटतं. किती वर्षांनी इतक्या मायेने हाक मारलीस. म्हणालीस, अगं, उठ, चहा घे.

मी घरातच नव्हते.

चहा केलेलाही नव्हता.

अ, उ, च, घ. तिने सांगितलेल्या वाक्यातला एकेक शब्द मी कागदावर मांडला. सगळे गेलेले. माझे.

६ एप्रिल

सकाळी ताईला गोळी द्यायला गेले. हाक मारायची म्हणून तोंड उघडलं. बासष्ट वर्षांची सवय. मी पहिला बोललेला शब्द तो, आई सांगायची.

नाही निघाला. त गेला.

मोरीत जाऊन नळ सोडून रडले. चोरासारखी. त्या पाहुण्याने ‘अन्याय’ न्यावा, ‘कायदा’ न्यावा, मी दुसरे शब्द शोधले असते. हा एक शब्द माझा होता. कोशात त्याचा अर्थ दीड ओळ आहे, आणि ती मीच वाचली, स्वच्छ, पेन्सिलीच्या उच्चाराने.

ताई बाहेरून विचारत होती, रडतंय कोण.

७ एप्रिल

भर दुपारी बारा वाजता जिन्यातून माझा आवाज आला. ताई, दार उघड.

मी उघडलं. जिना रिकामा. खालच्या मजल्यापर्यंत ऊन.

वरची कडी घातली. ताई म्हणाली, तू बाहेर आहेस तर आत कोण चालतंय?

तिचा हात धरून माझ्या चेहऱ्यावरून फिरवला. ती बराच वेळ चाचपत होती. हात तिच्यासारखा आहे, म्हणाली. नाकही. पण माझी बहीण एवढा वेळ गप्प बसणं शक्य नाही.

प, फ — जाताहेत. तिच्याशी बोलायला माझ्याकडे ‘मी’ आहे, अजून. दिवसभर तेवढंच म्हणत राहिले. मी. मी. मी. ती पलंगाच्या कोपऱ्यात सरकली.

८ एप्रिल

म गेला.

फोनवर लिहून यंत्राकडून वदवलं, की मीच आहे, बाहेरचं खोटं आहे. ताई म्हणाली, त्यात कुणीही काहीही लिहील, मला मूर्ख समजू नकोस. तिला उचलून दुसरीकडे न्यावं म्हणून दंडाला धरलं तर तिने काठी मारली. कपाळावर. जोरात मारते अजून.

जिन्यातून — ताई, दार उघड. मी आहे. तिथे आत दुसरी बाई आहे. घाबरू नकोस.

किती छान बोलते. माझ्यासारखं टोचून नाही. नेलं तेव्हा धार तेवढी गाळून घेतली. मी ताईशी इतक्या गोड आवाजात कधी बोलले होते? सत्तर तास कोणाशी तरी बोलले, त्या फोमच्या कपाटात, आणि तिच्याशी —

य. र. ल.

९ एप्रिल, सकाळ

व, श, स नाहीत. उरला ह, मागे क्ष आणि ज्ञ. ताई दाराकडे निघाली तेव्हा तिच्यापुढे उभी राहिले आणि जे होतं ते ओरडले. हट.

बिचारी किती दचकली. अनोळखी बाईने हट म्हटल्यावर कोण दचकणार नाही.

नंतर

ह गेला, क्षही. आता माझ्या तोंडात ‘ज्ञान’ आणि ‘ज्ञानी’ एवढेच आहेत. संचालकांना ऐकवायला हवे होते.

ज्ञान, असं ताईला म्हटलं. तिने विचारलं, तुला काय हवंय माझ्याकडून? मी दाराला पाठ लावून खाली बसलेय, गुडघ्यावर वही. मागून लाकडातून आवाज येतो, अगदी माझ्या कानाशी. ताई, हळू ये. भिंत धर. तीन पावलं. ती मोजतेय. ती त्या आवाजाने चालतेय, अकरा वर्षं माझ्या आवाजाने चालली तशी, चेहऱ्यावर तोच विश्वास —

आता तोंडात काही नाही. उघडते, मिटते.

ताई, बघ ना — नाही दिसत तुला, ठाऊक आहे मला, पण —

काठी खांद्यावर. पुन्हा. मी उठणार नाही. बाजूला हो, म्हणते, बाहेर माझी बहीण उभी आहे. माझ्या डोक्यावरून तिचा हात कडी शोधतोय. मी तिचं मनगट धरलंय आणि दुसऱ्या हाताने लिहितेय, कुणी वाचलं तर त्याला कळू दे की मी सोडलं नाही, शेवटपर्यंत —

तो आवाज तिला सांगतोय, वर, ताई, अजून थोडं वर, डावीकडे —

सापडली तिला