अकरा ताटं आणि एक नाक

घाटकोपर,
१२ ऑगस्ट १९८६

ती. सौ. मथुराताईस,
धाकट्या रत्नप्रभेचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. जूनमध्ये मला सर्दीताप आल्याचं यांनी कळवलंच होतं. ताप आठवड्यात उतरला, पण जाताना माझं नाक घेऊन गेला. दोन महिने झाले, कसलाही वास येत नाही. खारट, आंबट, गोड एवढं जिभेला कळतं. बाकी बांगड्याची कढी काय नि भाताची पेज काय, सगळं सारखंच. मध्येच कधी वास आलाच तर तो खोटा. परवा कांदा परतताना सडक्या बटाट्यांचा वास आला आणि मी अख्खी कढई ओतून दिली. मागून शेजारणीने सांगितलं, कांदा चांगला होता.

डॉक्टर म्हणाले की अशा तापाने वासाची नस दुखावते, त्यावर औषध नाही. सहा महिन्यांत येईल, वर्षाने येईल, कदाचित नाहीच येणार. हे त्यांनी इतक्या शांतपणे सांगितलं की त्यांनाच माझ्या चुलीपुढे बसवावंसं वाटलं.

आपल्याकडचे अकरा जण दोन्ही वेळा माझ्याकडे जेवतात, कारखान्यात राबून येतात. ही खाणावळ मी नऊ वर्षं खपून उभी केली, ताई. माझी धाकटी जाऊ सुलक्षणा मुलुंडहून दोनदा येऊन गेली. वहिनी, तुम्ही थकलात, मी माणसं सांभाळते, असं अगदी गोड बोलून गेली. तिला अजून खरं ठाऊक नाही. हे म्हणतात, कुणाला कळू देऊ नकोस. पुढच्या महिन्यात पितृपक्षात मामंजींचा म्हाळ आमच्याकडेच आहे, सगळे जमतील. काय करू ते सांग, फक्त विश्रांती घे म्हणू नकोस.

भावोजींना नमस्कार. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
रत्नप्रभा


कुडाळ,
२५ ऑगस्ट १९८६

चि. सौ. रत्नप्रभेस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी रडले, मग हसले. लहानपणी शेजारणीच्या चुलीवर काय शिजतंय ते तू आपल्या अंगणातून सांगायचीस. देवाने तुला जरा जास्तच दिलं होतं, आता हिशेब सारखा केला म्हणायचा. ही थट्टा मी करते, दुसऱ्या कुणी केली तर मला सांग.

आता ऐक. म्हाळाची काळजी कशाला करतेस? कावळ्याला काकवळ ठेवून होईपर्यंत त्या स्वयंपाकातलं जिभेवर ठेवायचं नाही, ही आपली रीत. नऊ वर्षं म्हाळाचं तू न चाखताच रांधते आहेस. तुझ्या हाताला मिठाचं माप पाठ आहे. वडे रंगावर तळ, वाटाणे बोटाने दाबून बघ. सुलक्षणेला परातीलासुद्धा हात लावू देऊ नकोस.

पण लपवू नये असं मला वाटतं. आज ना उद्या कळणारच, आणि मग तुझ्या नाकापेक्षा तुझ्या खोटेपणाचीच चर्चा होईल.

तुझ्याकडे जेवणारा लहू गावी आला होता, त्याच्याबरोबर काळे वाटाणे आणि आमसुलं पाठवली आहेत. जीवाला जप. पत्र येईपर्यंत इथे घास गोड लागत नाही.
तुझी ताई,
मथुरा


घाटकोपर,
२९ सप्टेंबर १९८६

ती. सौ. मथुराताईस, शि. सा. नमस्कार.

म्हाळ झाला. आणि तू चुकलीस, ताई. मीही चुकले. त्या दिवशी चाखायचं नसतं, म्हणूनच तर सगळी भिस्त नाकावर असते, हे आपल्या दोघींच्याही ध्यानात आलं नाही. खिरीचा नारळ फोडला, दिसायला पांढराशुभ्र. रस काढला, गूळ घातला, मनातल्या मनात तुला शाबासकी दिली. नारळ खवट होता.

वडे उत्तम झाले होते, वाटाण्याच्या सांबाऱ्याला सगळ्यांनी मान डोलावली. मग यांचे काका, म्हणजे अण्णा, खिरीचा पहिला भुरका घेऊन थांबले. पंगतीत माझे अकराही जण होते. सुलक्षणेने बोटावर घेऊन बघितली आणि सर्वांदेखत म्हणाली, वहिनींना आता झेपत नाही, उद्यापासून या माणसांचं मी मुलुंडला बघते. हे खाली मान घालून बसले.

मला रडू येत होतं, पण त्याहून जास्त राग आला. हातात डाव तसाच धरून मी सगळ्यांना सांगितलं की जूनपासून मला वास येत नाही. येईल की नाही ते डॉक्टरलाही ठाऊक नाही. लपवलं ही माझी चूक, खीर नासली हीही माझीच. पण चूल मी सोडणार नाही. यापुढे नारळ, दूध आणि मासळी जेवणाऱ्यांपैकी एकाने रोज हुंगून द्यायची, रांधणार मीच. ज्याला हे पटत नाही त्याने आत्ताच सांगावं, मी वाईट वाटून घेणार नाही. एवढं मी शेवटचं खोटं बोलले, वाईट वाटणारच होतं.

दोघांनी दुसऱ्या दिवसापासून येणं बंद केलं. नऊ राहिले. सकाळपाळीला जाण्याआधी लहू टोपलीत नाक घालून पापलेट तपासतो आणि एखाद्या साहेबासारखी मान हलवतो. परवा यांनी कुणी न सांगता दूध हुंगून दिलं. सुलक्षणेचा निरोप आला की निदान नाक परत येईपर्यंत तरी आराम करा. मी कळवलं की आलं तर बरंच आहे, पण त्याची वाट बघत चूल विझवणार नाही.

तुला खरं सांगते, माझ्याच हातची चव मला लागत नाही याचं फार वाईट वाटतं. सगळे बोटं चाटत असतात आणि मी नुसती बघत असते. कधी मोरीत जाऊन रडते, तोंड धुते आणि पुन्हा फोडणी टाकते.

एक मागणं आहे. तुझी माया मला कायम हवी, पण यापुढे पत्रात नाक आलं का असं विचारू नकोस. आज काय रांधलंस, ते विचार.

तुझी,
रत्नप्रभा