लेकीची सकाळची गोळी

प्रिय सौ.स,

इकडे आम्ही दोघं मजेत. तू घाबरत होतीस तशा गोळ्या काही लेकीला उष्ण पडल्या नाहीत.

तिचं मागचं बाळ पाठीच्या कण्यातल्या दोषाने गेलं, तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "पुढच्या खेपेला फॉलिक ॲसिड आधीपासून घ्या, धोका पुष्कळ कमी होतो." पोरीने दिवस राहण्याआधी तीन महिने सुरू केलं, एकदाही चुकवलं नाही. गोळी तळहातावर ठेवून म्हणते, "बाबा, आधी तुमच्या शाळेतल्या कवितेचं कडवं म्हणा." परवा मी ओळ विसरलो, तर चहा निवेपर्यंत थांबली. काय चिकाटी गं हिची!

आज तपासणीत पडद्यावर बाळाचा कणा दिसला, अगदी अखंड. "बाबा, म्हणा ना काहीतरी," ती म्हणाली. मला एक ओळ आठवेल तर शपथ.

तुझे गुडघे कसे आहेत?

तुझाच,
विसरभोळा